आईची संमती

९ मार्च

ट्रीना,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. आता पुढचं ऐक. यात पैसे मागितलेले नाहीत, परत ये म्हटलेलं नाही आणि कोणी मेलेलंही नाही. तेव्हा कागद चुरगळू नकोस, बसून वाच.

पत्ता डेल्बर्टने दिला. आपला हा चुलतभाऊ ट्रक घेऊन कुठे कुठे भटकत असतो ते तुला ठाऊक आहेच. ओहायोत डेटनच्या एका दुकानात तू त्याला दिसलीस, बरोबर दोन मुलगे होते म्हणे, आणि तू ओळख दाखवली नाहीस. मग या शहाण्याने तुझ्या गाडीमागे जाऊन घर बघून ठेवलं. मी त्याला चांगलं झापलं, पण पत्ता मात्र लिहून घेतला.

तुझ्या मुलीचं काम आहे. ऑब्री अठरा वर्षांची झाली. मे महिन्यात शाळा संपेल आणि तिला आपल्या इथल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. डोंगराचा माथा कापून कोळसा काढला आणि खाली सपाट जागा उरली, तिथेच ते बांधलंय. तू म्हणशील, त्यात काय मोठंसं, तिथलं दार सगळ्यांनाच उघडं असतं. दार उघडं असतं हे खरं. पण तिला श्वसनोपचाराच्या वर्गात जागा मिळाली आहे, आणि त्या वर्गाला जागा अगदी मोजक्या. परीक्षा घेतली, मुलाखत घेतली. तुला हेच का शिकायचं असं विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्या आजोबांच्या छातीत कोळसा होता. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र मी साफ करायचे. ते कसं चालतं ते मला माहीत होतं, पण त्यांना का पुरत नव्हतं ते माहीत नव्हतं." जागा तिथेच मिळाली.

आता खर्चाचं. आपल्या लोकांना वाटतं, कॉलेज स्वस्त आहे म्हणजे फुकट आहे. फी मी कशीबशी भरली असती. पण पुस्तकं, दवाखान्यात घालायचे कपडे, काम शिकायला रोज डोंगर ओलांडून जायचं पेट्रोल, हे सगळं शाळेत पोरांना जेवण वाढणाऱ्या बाईच्या पगारात बसत नाही. सरकारची मदत मिळाली तर भागतं, वर राज्याचीही मिळते. पण दोन्ही कुलपांना किल्ली एकच, केंद्र सरकारचा एक अर्ज.

आम्ही दोघी मदतीच्या खिडकीशी गेलो. खिडकीत कोण, तर ड्रेमा. आपल्या ओढ्यापलीकडची, माझ्या वर्गातली. मला म्हणते, "ग्लेना, तू कोण तिची?"

मी म्हटलं, "अगं, चौथीपासून माझा डबा खाल्लास आणि मी कोण विचारतेस?"

"मला माहीत आहे गं. कंप्युटरला नाही माहीत. दत्तक घेतलंस का? नाही. अठराच्या आत कोर्टाने तुला पालक नेमलं का? नाही. मग त्याच्या हिशेबी तू कोणीच नाहीस."

तेरा वर्षं तिच्या वेण्या घातल्या, कांजिण्या आल्या तेव्हा उशाशी बसून काढल्या, आणि मी कोणीच नाही. असो. त्याला आई हवी आहे. ऑब्रीचा बाप पुलावरून गाडीसकट गेला त्याचा दाखला दिला, तो लगेच चालला. मेलेल्या माणसाचं सोपं असतं. सरकारची पंचाईत होते ती जिवंत माणसाने.

तर तुझं काम एवढंच. खालच्या चिठ्ठीवर लिहिलंय तसं कंप्युटरवर खातं उघडायचं आणि तुझं उत्पन्न बघायला तुझी हरकत नाही, अशी संमती द्यायची. एक पैसा द्यायचा नाही. पण संमती नसेल तर अर्ज जागचा हलत नाही. जूनअखेरपर्यंत पैशांची सोय दाखवली नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या पोराला जाते.

मी हे पत्र लिहिलंय ते तिला माहीत नाही. उत्तर पाठवायला तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय, म्हणजे तिकीट नव्हतं म्हणायला नको.

ग्लेना

६ एप्रिल

ट्रीना,

पाकीट परत आलं नाही. तिकीट दुसरीकडे वापरलंस की काय?

चिडून लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पहिल्याच ओळीला मोडलं. पुढे सांगते.

ड्रेमाने दुसरा रस्ता सांगितला. आईचा ठावठिकाणा नाही, किंवा आईने पोरीला टाकून दिलंय, असं दाखवता आलं तर कॉलेज आपल्या अधिकारात आईशिवाय अर्ज पुढे पाठवू शकतं. त्याला एक जबानी पोरीची लागते आणि एक तिला वाढवणाऱ्याची. 'आई संमती देत नाही' एवढं म्हणून चालत नाही. तसे आई-बाप खंडीभर असतात. टाकून दिलं, असंच लिहावं लागतं.

मी म्हटलं, "ड्रेमा, तुला सगळं डोळ्यांदेखत माहीत आहे. तूच लिही."

"माझं माहीत असणं कागदावर चालत नाही. तुझं चालतं."

"मी माझ्या बहिणीबद्दल असलं लिहू?"

"मग तिची संमती आण," म्हणाली, आणि खिडकीतून मला पुदिन्याची गोळी दिली. जसं काही मी खोकायला आले होते.

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला चावायचं?

तुला एक गोष्ट माहीत नसेल. तू गेलीस त्याच वर्षी ऑगस्टात शाळेने ऑब्रीचे कागद मागितले. तालुक्याच्या कचेरीतून एक बाई आली. म्हणाली, कोर्टात अर्ध्या दिवसाचं काम आहे, ग्लेनाला पालक नेमून टाकू. न्यायाधीश विचारतील, आईने टाकलं का, तुम्ही हो म्हणायचं. आई चुलीपाशी घेवड्याच्या शेंगा वाळवायला दोऱ्यात ओवत बसली होती. सुई न थांबवता म्हणाली, "आमच्यात पोरं कोर्टात वाटत नाहीत. माझी पोरगी दोन महिन्यांत येते म्हणालीय. ती आली आणि तिला कळलं की आम्ही चार लोकांत तिला नालायक ठरवून आलो, तर तिने कोणत्या तोंडाने उंबरा ओलांडायचा?" मग त्या बाईला कॉफी आणि सफरचंदाचा केक देऊन वाटेला लावलं.

मला तेव्हा आईचं पटलं होतं. अजूनही निम्मं पटतं. या डोंगरात किती पोरं अशीच वाढतात, कोणी आजीकडे, कोणी मावशीकडे, कोणी मामाकडे. कागद एकाचाही नसतो. कागद करणं म्हणजे घरच्या माणसावर थुंकणं. ड्रेमा म्हणते, दर वसंतात तिच्या खिडकीशी या पोरांची रांग लागते, आणि प्रत्येकाच्या मागे तोंड पाडून उभी असलेली एक आजी.

आईने तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं. त्याच दारात आता तुझ्या पोरीचा पाय अडकलाय. तूच काय ते कर.

ग्लेना

२२ एप्रिल

ट्रीना,

तू फोन केलास आणि मी नीट बोलले नाही. म्हणून लिहिते. लिहिताना निदान मध्ये रडता येत नाही, ना तुला ना मला.

तू म्हणालीस, "ग्लेना, त्याला माहीत नाही."

मला वाटलं, नवऱ्याला माझ्या पत्राचं माहीत नाही. मी म्हटलं, "मग सांग की. मी काय घर पेटवायला सांगितलंय?"

"त्याला ऑब्री माहीत नाही."

तेरा वर्षं मी या पोरीला सांगत आले की तुझी आई तिकडे तुझी आठवण काढत असेल. आठवण तर सोड, तिथे तिचं नावही नाही.

तुझं म्हणणं मला कळलं. मर्विन विधुर, देवाधर्माचा माणूस. त्याची दोन आईवेगळी पोरं. तुला मूल नाही असं तो समजून चालला आणि तू त्याला समजू दिलंस. "पहिल्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं याची लाज वाटली. मग ते वाढतच गेलं." हे तुझे शब्द. तुमचा कर एकत्र भरला जातो, कागद तो बघतो. त्याच्या कमाईचे आकडे त्याला न सांगता देणं ही त्याची फसवणूक, आणि सांगायचं तर संसार मोडेल. बरोबर ना?

आता माझं ऐक. तू त्याची पोरं वाढवतेस ते चांगलं करतेस. आईवेगळ्या पोरांना माया लावलीस म्हणून देव तुझ्या पदरात पुण्य घालील. पण घरचं झाडच वाळत टाकून शेजारच्या बागेला पाणी घालणाऱ्या बाईला माळीण म्हणत नाहीत. हे मी फोनवर ओरडून म्हटलं ते चुकलं. लिहून म्हणते ते चुकलेलं नाही.

तू विचारलंस, ती दिसते कशी. मी उत्तर दिलं नाही, रागात होते. उंच आहे. बापासारखी खांदे पाडून चालते. हसताना तोंडावर हात ठेवते, ती सवय कोणाची ते तुला सांगायला नको. संध्याकाळी गावातल्या आइस्क्रीम आणि तळलेले बटाटे विकायच्या गाड्यावर काम करते आणि घरी येते तेव्हा तिच्या केसांना तळणीचा वास येतो. मला तो वास आवडतो.

फोन तू ठेवलास. मी ठेवला नव्हता.

ग्लेना

११ मे, मातृदिनाचा रविवार

ट्रीना,

तुला आठवत असेल, आजच्या दिवशी चर्चमध्ये जाताना ज्याची आई जिवंत त्याने छातीला लाल फूल लावायचं आणि ज्याची गेली त्याने पांढरं. आई गेल्यापासून मी पांढरं लावते. ती गेली तेव्हा नाव न घालता आलेली फुलं तुझीच होती हे मी ओळखलं होतं. आईच्या शवपेटीवर ती मी मधोमध ठेवली.

ऑब्री दर वर्षी लाल लावते. लहानपणी आईने लावून दिलं, मग ती स्वतः लावू लागली. आजही लावलं. पण या वर्षीच्या लाल फुलाआधी काय झालं ते तुला कळायला हवं.

तुझा फोन झाला त्या आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं. पत्रांचं, पत्त्याचं, तुझ्या नवऱ्याचं. हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, तू तीन दिवस घेवडा करपवतेयस." मग काय लपवणार.

ती रडली नाही. विचारलं, "त्या मुलांची नावं काय?" मला माहीत नव्हती. तुलाही मी विचारली नव्हती.

बुधवारी ती एकटीच ड्रेमाकडे गेली जबानी लिहायला. परत आली ती गालात हसत. ड्रेमाचा मागोमाग फोन, "ग्लेना, या पोरीने वाट लावली." काय लिहिलं होतं, तर: 'मला माझ्या आईने मावशीकडे ठेवलं. मला कोणी टाकलेलं नाही. मी एक दिवसही उपाशी झोपले नाही. माझं घर होतं आणि आहे.' खाली सही.

ड्रेमाने तिला म्हणे समजावलं, "बाळ, मला एक शब्द हवा आहे. एकच."

आणि ही म्हणाली, "टाकतात कचरा. मी कचरा नाही."

मी घरी तिला खूप बोलले. म्हटलं, एका शब्दासाठी हातची जागा घालवतेस? सरकारला कुठे तुझं काळीज बघायचंय? ती म्हणाली, "तू लिहिलास का तो शब्द?" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. सगळं घराणंच तसलं.

आता बघ कशी गंमत झाली आहे. तुला नवरा राखायचा आहे, तिला मान राखायचा आहे, मला बहीण राखायची आहे. आणि या तिघींच्या राखण्यात जायची ती जागा. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी लाल फूल लावून बसली होती, तेव्हा मला प्रार्थनेचा एक शब्द ऐकू आला नाही.

ग्लेना

२७ मे

ट्रीना,

रविवारी दरवर्षीप्रमाणे डोंगरावर आपल्या लोकांच्या थडग्यांना फुलं वाहिली. आपले सगळे आले होते. सिनसिनाटीचे, डेट्रॉइटचे, अगदी इंडियानाची म्हातारी जूनी आत्यासुद्धा दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून वर चढली. वर्षभर तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या ताटात कोंबडी वाढतात. मी सकाळपासून खालच्या रस्त्याकडे बघत होते. डेल्बर्टने विचारलं, "कोणाची वाट बघतेस?" मी म्हटलं, "कोणाची नाही, माशा मारतेय."

ऑब्रीने आई-बाबांच्या थडग्यांवरचं गवत उपटलं. तिच्या बापाच्या थडग्यावर कागदाची फुलं ठेवली. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "ही कोणाची?" ती आईने तुझ्यासाठी राखलेली जागा आहे. मी म्हटलं, ठाऊक नाही.

मी ठरवलंय. ऑब्री तो शब्द लिहिणार नाही आणि तिने लिहू नये असंच मला आता वाटतं. मग उरले मी. जूनच्या मध्यावर शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं की मी ड्रेमाच्या खिडकीशी जाऊन लिहून देणार आहे. माझ्या धाकट्या बहिणीने, ट्रीनाने, आपली पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे टाकली आणि ती परत आली नाही. हे वाक्य इथे पहिल्यांदाच लिहिलं. हात जड झाला, पण लिहून झालं.

तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून आधी सांगते. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, हे आईने शिकवलंय. आई असती तर तिने मला हे करू दिलं नसतं. पण आई नाही, आणि आईने झाकलेली मूठ आता मलाच उघडायची आहे. उघडली तर आत काही नाही, हे मला आधीच माहीत आहे.

यानंतर तुला या घरात ऑब्रीची आई म्हणून येता येईल की नाही, ते तीच ठरवेल. माझी बहीण म्हणून मात्र केव्हाही ये. त्याला कुठलाच कागद लागत नाही.

ग्लेना

२० जून

ट्रीना,

आज मी ड्रेमाकडे गेले. चांगला झगा घातला होता, जणू कोर्टातच जायचंय. जबानी घरून लिहून नेली होती, खाडाखोड नको म्हणून. ड्रेमाने ती घेतलीच नाही.

म्हणाली, "याची गरज नाही."

मला वाटलं, जागा गेली. म्हटलं, "अजून महिना संपायचाय."

"गेली नाही गं. तुझी बहीण येऊन गेली. मंगळवारी. आईनेच लिहून दिलं की बाकी कोणाची जबानी लागत नाही."

मी खुर्ची मागितली. ड्रेमा म्हणाली, "काय लिहिलं ते मला सांगता येत नाही, कायदा आहे. पण ऑब्रीला तिची फाइल बघता येते, आणि ऑब्रीला तोंड आहे."

ऑब्रीने फाइल बघितली. मी बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसून तिने मला पाठ म्हणून दाखवलं. तू लिहिलंस: 'ती पाच वर्षांची असताना मी तिला सोडून गेले. दोन महिन्यांत येते म्हणाले होते. मला यायला कोणी अडवलं नव्हतं. मी तिच्यासाठी काही पाठवलं नाही. मी तिला टाकली. तिने काहीही केलेलं नव्हतं. तिला माझ्या बहिणीने वाढवलं. इथून पुढे या मुलीकडे माझ्या नावाने काही मागू नका.'

जो शब्द आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर ढकलत होतो तो तू स्वतःच्या अंगावर घेतलास. मला तुझा राग धरायचा होता, त्याची सोयच ठेवली नाहीस.

पण थांब, थोडा उरलाय. चार तास गाडी हाकत आलीस. कॉलेजपासून आपलं घर किती लांब आहे? वाटेत आइस्क्रीमचा गाडा लागतो, शाळा संपल्यापासून मंगळवारी दुपारीही ती तिथेच असते. चार तास जमले आणि ओढ्याकाठची वीस मिनिटं जड झाली? मी काय तुला खाल्लं असतं? फार तर दोन शब्द बोलले असते आणि मग जेवायला वाढलं असतं. ड्रेमा म्हणाली, तू गाडीत बराच वेळ बसून होतीस. मग तिच्याकडे परत येऊन विचारलंस, श्वसनोपचाराचा वर्ग कोणत्या इमारतीत. तिने दाखवला. सुट्टी असल्याने कुलूप होतं. तू काचेतून बघितलंस आणि गेलीस.

तुझ्या मर्विनला सांगितलंस की नाही, ते काही कळलं नाही. ड्रेमाला तू म्हणालीस, कामाच्या ठिकाणी रजा काढून आलेय, संध्याकाळी रोजच्या वेळेला घरी पोचायला हवं. म्हणजे नाहीच सांगितलं असणार.

ऑब्रीने पाठ म्हटल्यावर मी तिला विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "मावशी, तिचं अक्षर डावीकडे झुकतं. ती पण डावखुरी आहे?"

तेरा वर्षांत मी हे तिला सांगितलं नव्हतं. लहानपणी जेवताना तुझं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि आपण भांडायचो, हेही नाही. आज संध्याकाळी सांगितलं. खूप काही सांगितलं. तुझं नाव या घरात इतका वेळ पुष्कळ वर्षांत निघालं नव्हतं.

ग्लेना

१७ ऑगस्ट

ट्रीना,

मदत मंजूर झाली. केंद्राची आणि राज्याचीही. फी, पुस्तकं, कपडे सगळं बसलं, आणि पेट्रोलपुरतं थोडं वर उरतं. सरकारच्या हिशेबी ती आता स्वतंत्र आहे, आई-बाप नसलेली. तिला तसं कळवलं तेव्हा ती म्हणाली, "आता आरशात बघून मीच मला रागवायचं का?" मी म्हटलं, ते खातं माझ्याकडेच राहील.

उद्यापासून वर्ग सुरू. आज दुपारी जेवणाच्या टेबलावर ती कॉलेजचे शेवटचे कागद भरत बसली होती. लसी कोणत्या घेतल्या, गाडीचा नंबर काय, असलं किरकोळ. मी मागे शेंगा ओवत होते. या वर्षी शेंगा चांगल्या आल्यात, व्हरांड्यात माळा टांगल्या आहेत. त्यातली एक या पत्राबरोबर पाठवते. हिवाळ्यात डुकराच्या हाडाबरोबर शिजव. नवऱ्याने विचारलं कुठून आल्या, तर काय सांगायचं ते तुझं तू बघ.

ती म्हणाली, "मावशी, ओहायोचा नंबर दे."

"कशाला?"

"इथे विचारलंय, अपघात झाला किंवा काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. दोन जागा आहेत. पहिल्यात तुला घातलंय."

मी म्हटलं, "अगं, सरकारला आत्ताच सांगून बसलोय की आई नाही."

"ते पैशांचं होतं. हे वेगळं आहे. मला काही झालं तर तिला कळायला नको?"

"तुला शिकायला पाठवतेय, मरायला नाही. असलं अभद्र बोलू नकोस."

"नंबर दे गं."

दिला. तिने डाव्या हाताने लिहिला, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचलं. पहिल्या ओळीत माझं नाव, नातं: मावशी. दुसऱ्या ओळीत तुझं, नातं: आई. मला थोडं लागलं. खोटं कशाला सांगू. वेण्या मी घातल्या आणि तो शब्द तुला गेला. पण मग वाटलं, तो शब्द इतकी वर्षं या घरात आम्ही तुझ्यासाठीच राखून ठेवला होता, आईने आणि मी. आणि तिने तो मोडीत काढला नाही.

मोडीत तू काढला होतास. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. ते तिने वाचलंय, पाठ आहे तिला. तरीही लिहिला.

तिने मला कागद दाखवून विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "नंबर बरोबर आहे."

म्हणून हे पत्र. तुझ्याकडून मला काही नको. उत्तर नको, पैसे नकोत. फक्त एवढंच लक्षात ठेव. आपल्याकडचा अनोळखी नंबर दिसला तर तो कॉलेजचा असेल, किंवा दवाखान्याचा असेल, किंवा एखाद्या दिवशी तिचा स्वतःचाच असेल. तो वाजला तर उचल. मर्विन शेजारी बसलेला असला तरी उचल.

ग्लेना